नवं गोडाऊन घ्यायच्या आधी

२०१८ च्या ऑगस्टमधली दुपार. आमच्या गेटबाहेर फोमच्या दोन गाड्या सकाळपासून उभ्या होत्या आणि तिसरी आळंदी फाटा ओलांडून आल्याचा ड्रायव्हरचा फोन येऊन गेला होता. आत माल उतरवायला जागा नव्हती. पाऊस तिरपा लागत होता, ताडपत्रीच्या फटींतून पाणी गाडीत शिरत होतं. भिजलेला फोम वरून कोरडा वाटला तरी आत ओल धरून बसतो. त्यावर तसंच कव्हर चढवलं तर महिन्याभरात सीटला कुबट वास येतो आणि ती सीट परत आमच्याच दारात येते. त्या दिवशी आम्ही कॅन्टीनची बाकं बाहेर काढली आणि फोम कॅन्टीनमध्ये रचला. माणसं उभ्याने जेवली.

चाकणला आम्ही दुचाकीच्या सीट बनवतो. सीटमध्ये मुख्य गोष्टी चारच: खालचा प्लास्टिकचा बेस, त्यावर फोम, वरून रेक्झिनचं कव्हर, आणि गाडीला जोडायला ब्रॅकेट-बिजागऱ्या. रोज सुमारे तीन हजार सीट बाहेर पडतात. स्टोअर आणि गोडाऊन माझ्याकडे होतं, जागा १२,००० चौरस फूट. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. तळेगाव रस्त्याला त्यांनी एक शेड बघून ठेवली होती, २०,००० चौरस फुटांची. म्हणाले, "पुढची पाच वर्षं धरून किती जागा लागेल ते सांगा, आपण करार करून टाकू."

मला आकडा सांगता आला नाही. सात वर्षं मी तिथे काम करत होतो, कुठला माल कुठे आहे हे डोळे मिटून सांगितलं असतं, पण कुठला माल किती जागा खातो हे मी कधी मोजलंच नव्हतं. मी सहा आठवडे मागितले. शेडचं डिपॉझिट मोठं होतं, म्हणून ते मिळालेही.

पहिला आठवडा नुसता टेपने मोजण्यात गेला. प्रत्येक थप्पीची लांबी, रुंदी, उंची. स्टोअरमधली दोन मुलं, मी आणि एक वही. एबीसीची पद्धत सगळ्या स्टोअरवाल्यांना ठाऊक असते. वर्षभरात ज्या मालावर जास्त पैसा खर्च होतो तो ए, मधला बी, आणि संख्येने भरपूर पण पैशाने किरकोळ तो सी. आमचं सगळं स्टोअर त्याच यादीवर चालायचं. टेपने मोजल्यावर कळलं की जागेचा प्रश्न या यादीला दिसतच नाही. महागड्या बिजागऱ्या एका रॅकच्या दोन कप्प्यांत मावत होत्या. फोम नगाला स्वस्त, पण त्याने जमिनीचा तिसरा हिस्सा व्यापला होता. म्हणून मी दुसरी यादी केली. मालाचं घनफळ किती आणि तो आठवड्यातून किती वेळा हलतो, एवढ्या दोनच गोष्टींवर. ती यादी भिंतीवर लावली आणि पुढचं सगळं काम तिच्याकडे बघून केलं. कुणी मला आज विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी हीच यादी करायला सांगतो. तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

त्या यादीच्या तळाशी, म्हणजे अजिबात न हलणाऱ्या मालात, एक मोठा डोंगर निघाला. बंद पडलेल्या मॉडेलचे बेस, जुन्या रंगांचं रेक्झिन, आणि सुट्या बाजारासाठी बनवलेल्या तयार सीट. त्यातल्या बऱ्याच सीट २०१७ च्या पावसाळ्यात आल्या होत्या. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळायला कंपन्या आपलंच गोडाऊन दुसऱ्या राज्यात ठेवायच्या आणि माल तिथे नुसता पाठवून तिथून विकायच्या. आमचेही असे दोन छोटे डेपो परराज्यांत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्या डेपोंची गरज संपली. मालकांनी ते बंद केले, निर्णय योग्यच होता. पण तिथला उरलासुरला माल ट्रकमध्ये भरून चाकणला आला, आम्ही तो मागच्या भिंतीला लावला, आणि त्यावर धूळ बसत गेली. वर्षभरात कुणी त्याकडे बोट दाखवलं नाही, मीही नाही.

हा माल काढणं मोजण्यापेक्षा अवघड गेलं. अकाउंट्सचं म्हणणं, ताळेबंदात तो मालमत्ता म्हणून दिसतो, भंगारात काढला तर तोटा दिसेल. मी त्यांना गोडाऊनमध्ये घेऊन गेलो आणि जमिनीवर खडूने चौकोन आखून दाखवला: एवढ्या जागेसाठी आपण तळेगाव रस्त्याला भाडं भरणार आहोत. तोंडी सांगून जे दोन बैठकांत पटलं नव्हतं ते त्या खडूच्या रेघेने पटलं. रेक्झिन पिशव्या शिवणाऱ्यांनी नेलं. पॉलिप्रॉपिलिनचे बेस मोल्डिंगवाल्याकडे परत गेले आणि दळून दुसऱ्या कामात वापरले गेले. फोम तुकडे करून पुन्हा चिकटवतात, त्याचे गाद्यांचे जाड ठोकळे होतात, तसा तो गेला. सुट्या बाजाराच्या सीटपैकी ज्या मॉडेलच्या गाड्या अजून रस्त्यावर धावतायत त्या ठेवल्या, कारण गाडी बंद झाली तरी ग्राहकाला सीट मिळायला हवी. फक्त किती ठेवायच्या ते विक्रीच्या आकड्यावर ठरवलं, आणि सीट गाडीवर न बसता थप्पीतच म्हातारी होऊ नये म्हणून जुनी आधी बाहेर काढायचा नियम केला. जवळजवळ २,८०० चौरस फूट मोकळे झाले. नवी शेड न घेता.

दुसरं मोजमाप पायांचं होतं. लाइनला माल पुरवणाऱ्या एका मुलाच्या मागे मी पूर्ण पाळी फिरलो आणि गोडाऊनच्या नकाशावर त्याची वाट पेन्सिलने काढत गेलो. संध्याकाळी कागदावर शेवया सांडल्यासारखं दिसत होतं. त्याच्या मोबाइलवर चौदा किलोमीटर आले होते. आमच्या माथाडी टोळीचे मुकादम शेजारी उभे होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. कागद बघून म्हणाले, "साहेब, रेक्झिन दिवसातनं तीनदा लागतं आणि तुम्ही ठेवलंय काशीला." रेक्झिन मागच्या कोपऱ्यात होतं, कारण कंपनी सुरू झाली तेव्हा पहिला रॅक तिथे बसला होता. एवढंच कारण. तात्या हे किती वर्षांपासून बघत होते असं मी विचारलं, तर म्हणाले, "कुणी विचारलं नव्हतं."

मग जागा नव्याने वाटल्या. रोज अनेकदा लागणारं लाइनच्या दाराजवळ, आठवड्यातून एकदा लागणारं मागे. हाताने उचलायचं ते गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर, म्हणजे कुणाला वाकून किंवा टाचा उंचावून काढावं लागणार नाही. ब्रॅकेटची जड पॅलेट रॅकच्या तळाला, हलके बेस वर. आमच्या शेडची उंची २४ फूट आणि माल जेमतेम आठ फुटांपर्यंत. वरची १६ फूट हवा आम्ही इतकी वर्षं नुसती बाळगली होती. फोर्कलिफ्टला वळायला साधारण पावणेचार मीटरची वाट लागते. उभ्या चालीचा रीच ट्रक, म्हणजे अरुंद वाटेत वळणारा फोर्कलिफ्टचाच प्रकार, घेतला तर तीन मीटरच्या आत भागतं, आणि दोन वाटांत जे वाचतं त्यात रॅकची आणखी एक ओळ बसते. आम्ही जुना डिझेल फोर्कलिफ्ट काढून बॅटरीवरचा रीच ट्रक घेतला. बंद शेडमधला डिझेलचा धूरही गेला.

फोम मात्र आम्ही उंच रचला नाही. इथे मला थोडं थांबायचंय, कारण ही गोष्ट जागेच्या हिशोबात कुणी धरत नाही. पॉलियुरेथेन फोम पेट घेतो तेव्हा फार वेगाने जळतो, आणि धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. माणूस ज्वाळेआधी धुराने पडतो. आमच्याकडे तेव्हा छताला स्प्रिंकलर नव्हते. तीन दिवसांचा साठा म्हणजे नऊ हजार फोम एका छताखाली, आणि त्याच थप्प्यांच्या आडोशाला दुपारी जेवून टोळीतली मुलं आडवी व्हायची. मोजणीच्या दिवसांत मी एकदा त्या दोन थप्प्यांमधून चालत गेलो. जागा इतकी अरुंद होती की खांदे दोन्ही बाजूंना घासत होते. त्या रात्री झोप लागली नाही. साठा कमी करायचा याला माझ्यासाठी त्या दिवसापासून भाड्यापेक्षा मोठं कारण मिळालं. तीन दिवसांवरून एक दिवसावर यायचं ठरवलं. स्प्रिंकलर पुढच्या वर्षी बसले, आणि मालाचा माथा त्यांच्या खाली किमान दीड फूट ठेवायचा म्हणून भिंतीवर लाल पट्टा मारला. पाणी पसरायला तेवढी मोकळी जागा लागतेच.

साठा कमी करायचा तर माल थोडा थोडा आणि वेळेवर यायला हवा. इथपर्यंत मी गोडाऊनमध्येच होतो, आता बाहेर पडावं लागलं.

फोम भोसरीहून यायचा. मी एक दिवस तिथे जाऊन गाडी भरताना बघितली. फोम मोठ्या पिशव्यांत कोंबून, पिशव्या जमतील तशा टाकून, १९ फुटी गाडीत सहाशे-सव्वासहाशे नग. एका फोमचं वजन साधारण किलोभर. म्हणजे सात टन वाहू शकणारी गाडी पाऊण टनाहून कमी वजन घेऊन निघत होती. बाकी सगळी हवा. रोज अशा पाच गाड्या, त्याशिवाय तळवड्याहून बेसच्या दोन आणि ब्रॅकेटचा एक टेम्पो. आठ फेऱ्या, परतताना सगळ्या रिकाम्या. ट्रान्सपोर्टचं बिल फेरीवर असल्यामुळे गाडीत काय भरलंय हे विचारायचं कारण कुणाला पडत नव्हतं.

पुरवठादाराच्या अंगणात आम्ही अर्धा दिवस नुसते फोम मांडून बघितले. दोन फोम पाठीला पाठ लावून, एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या रुंद बाजूला असे बसवले तर जागा जवळजवळ पाव हिश्शाने वाचते. ही युक्ती तिथल्या पॅकिंगच्या बायकांनी काढली. घरात भांडी मांडताना जे हाताला कळतं तेच त्यांनी इथे केलं. त्या मांडणीला बेतून चाकांच्या जाळीदार ट्रॉल्या बनवून घेतल्या. गाडी थोडी मोठी, बावीस फुटी, उंच बॉडीची निवडली. बत्तीस फुटी घेतली असती तर आणखी मावलं असतं, पण भोसरीच्या त्या गल्लीत ती वळतच नाही.

मग फेरी बांधली. गावाकडे दूधसंघाची गाडी वाडी-वस्तीवरून कॅन गोळा करत डेअरीला जाते आणि रिकामे कॅन त्याच वाटेने परत ठेवत जाते, तशी. उद्योगात तिला मिल्क रन म्हणतात, आणि चाकणच्या मोठ्या कारखान्यांना ती नवी नाही, पण आमच्यासारख्या पुरवठादाराने आपल्या पुरवठादारांसाठी ती चालवणं तेव्हा फारसं कुणी करत नव्हतं. गाडी रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निघते, भोसरीला फोम, तळवड्याला बेस आणि ब्रॅकेट, आणि देहू फाट्याकडून चाकण. जड ब्रॅकेट तळाशी, हलका फोम वर, त्यामुळे वजन आणि घनफळ दोन्ही वापरलं जातं. आठ फेऱ्यांच्या चार झाल्या. रोज दीडशेच्या आसपास किलोमीटर कमी झाले. गाडी लिटरला सहा किलोमीटर देते असं धरलं तर पंचवीस लिटर डिझेल वाचलं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला तीनशे दिवस धरले तर वीस टन. हा हिशोब मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर केला होता आणि तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

पुठ्ठ्याची खोकी बंद करून घडीचे प्लास्टिक क्रेट आणणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ते चुकलं. क्रेट किती लागतील याचा हिशोब मी आमच्या गोडाऊनपुरता केला. भरलेले आमच्याकडे, रिकामे आमच्याकडे, एवढंच. पुरवठादाराकडे भरायला ठेवलेले, गाडीत असलेले, धुवायला गेलेले, हे सगळे त्या फेऱ्यात अडकून असतात हे लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांत क्रेट संपले आणि लोक गुपचूप पुन्हा खोकी वापरू लागले. नंतर पूर्ण चक्र मोजलं. एक क्रेट निघाल्यापासून परत भरायला येईपर्यंत किती दिवस लागतात, गुणिले रोजची गरज, वर दहा-पंधरा टक्के जादा. आणि प्रत्येक क्रेट परतीच्या चलनावर लिहायचा, भरलेल्या मालाइतकाच काटेकोर. खोकी खरोखर बंद व्हायला पाच महिने गेले.

ट्रॉल्यांवरून दुसरा प्रश्न उभा राहिला, तो जास्त गंभीर होता. टोळीला उतराईचे पैसे नगावर मिळायचे. ट्रॉली ढकलत आत आणायची झाली तर आठ माणसांचं काम तीन माणसांत होतं. माथाडी हा शब्दच माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांचा. त्यांना मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि संरक्षण मिळावं म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ होती. तात्यांचे वडीलही मुंबईला मस्जिद बंदरात ओझी वाहायचे. ते मला शांतपणे म्हणाले, "पाठ वाचली साहेब, पण हाताला काय?" मी नकाशे काढले, ट्रॉल्या काढल्या, डिझेल मोजलं, आणि ज्यांच्या डोक्यावरून हा माल रोज उतरत होता त्यांची कमाई माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. ही माझी चूक होती आणि मोठी होती. पुढचे दोन महिने त्याच वाटाघाटीत गेले. शेवटी प्रति ट्रॉलीचा नवा दर ठरला, टोळीतल्या कुणाचंही काम जाणार नाही हे लेखी झालं, आणि दोन तरुण मुलं रीच ट्रक शिकली. मालकांनी यात हात आखडता घेतला नाही, हे सांगायलाच हवं. आज नव्याने असं काही करायचं झालं तर मी टोळीशी पहिल्या आठवड्यात बोलेन.

फेब्रुवारीपासून सगळं सुरळीत चाललं. फोमचा साठा एक दिवसावर आला, मग मला धीर आला आणि मी तो अर्ध्या दिवसावर आणला. कागदावर ते बसत होतं. राखीव साठा काढायचं गणित असं असतं: रोजच्या मागणीत किती चढउतार होतो तो आकडा, गुणिले माल यायला लागणाऱ्या वेळाचं वर्गमूळ, गुणिले तुम्हाला किती खात्री हवी त्याचा गुणक. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा माल कमी पडू नये असं वाटत असेल तर तो गुणक १.६५. माझ्याकडे चार महिन्यांचे आकडे होते, चढउतार कमी होता, उत्तर अर्ध्या दिवसाहून कमी येत होतं.

२०१९ च्या जूनमध्ये, ज्येष्ठ वद्य सप्तमीला, देहूहून तुकोबांची पालखी निघाली. दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची. आमची फेरी तळवड्याहून देहू फाट्याकडे जाते आणि दुसरी वाट मोशी-आळंदीच्या अंगाने. त्या दोन दिवसांत दोन्हीकडे रस्ते बंद, वळवलेले, आणि जिथे उघडे तिथे वारकऱ्यांनी भरलेले. माझी गाडी भोसरीत माल भरून उभी होती आणि जाणार कुठून? ड्रायव्हरने फोनवर सांगितलं, "साहेब, मी इथंच थांबतो, या गर्दीत गाडी घालणार नाही." त्याचं बरोबर होतं. दुपारी फोम संपला. लाइन दोन तास थांबली. ग्राहकाच्या कारखान्यातही त्या मॉडेलचं काम अडलं आणि त्याची दंडाची नोट आम्हाला आली.

मी इथलाच. लहानपणी आजीचा हात धरून आळंदीला प्रस्थानाला गेलेलो. शेकडो वर्षं जी वाट दरवर्षी त्याच तिथीला भरते, ती माझ्या गणितात नव्हती, कारण मी आकडे फेब्रुवारी ते मे या महिन्यांचे घेतले होते. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, दंडापेक्षा जास्त.

त्यानंतर स्टोअरच्या भिंतीवर पंचांग आलं. त्यावर लाल खुणा: पालखीचे दिवस, गणपती आणि विसर्जन, १ जानेवारी, कारण त्या दिवशी कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला येणाऱ्या लोकांसाठी चाकण-शिक्रापूर रस्त्यावरची वाहतूक वळवतात, चाकणचा आठवडी बाजार, मार्केट यार्डात कांद्याची आवक वाढते ते आठवडे. या तारखांच्या आधी दोन दिवस फोम जास्त येतो आणि नंतर साठा परत खाली जातो. एरवी एक दिवस. अर्ध्या दिवसाचा हट्ट मी सोडला. भोसरीच्या पुरवठादाराकडेही एक दिवसाचा माल तयार ठेवायचा करार झाला, आणि तो माल भरलेल्या ट्रॉल्यांतच राहतो, म्हणजे फोन गेला की गाडी पंधरा मिनिटांत निघते.

शेडबद्दल थोडक्यात. छताचे काही पत्रे काढून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे बसवले, दिवसा दिवे लागत नाहीत. २५० वॉटचे चाळीस मेटल हॅलाइड दिवे काढून १०० वॉटचे एलईडी लावले, त्यात तासाला सहा युनिट वाचतात. वाऱ्याने फिरणारे पंखे छतावर बसवले, त्यांना वीज लागत नाही आणि एप्रिल-मे मध्ये आतलं तापमान अंगाला जाणवेल इतकं उतरतं. सौर पॅनलसाठी आधी छताच्या सांगाड्याची तपासणी करून घेतली, मग लावले. इथल्या उन्हात एक किलोवॉटला वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात, त्यावर रीच ट्रक चार्ज होतात. ही सगळी कामं पैसे दिले की होतात, म्हणून त्यांबद्दल मला फार सांगायचं नाही. पण एक सांगतो. पॅनल लावल्यावर पाहुण्यांना सगळे आधी छत दाखवायला नेतात. मला त्यांना ती ट्रॉली दाखवायची असते, ज्यात दोन फोम पाठीला पाठ लावून बसलेत.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे फोम एका दिवसाचाच होता. तीन दिवसांचा असता तर दोन महिने तो तसाच दबून पडला असता, आणि खालच्या थरांचा आकार गेला असता. पुढे २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने ग्राहकांचं वेळापत्रक आठवड्याला बदलू लागलं. आज हे मॉडेल, उद्या ते. त्या काळात आमची गाडी रोज सकाळी वेगळं मिश्रण घेऊन यायची आणि पुरवठादारांना आदल्या संध्याकाळी आकडा कळायचा. अडचणी आल्याच, पण कॅन्टीनची बाकं पुन्हा बाहेर काढावी लागली नाहीत.

तळेगाव रस्त्याची शेड आम्ही घेतली नाही. ती आता दुसऱ्या कुणाकडे आहे, मी येता-जाता बघतो.

एक काम अजून व्हायचंय. आमच्या तयार सीट ज्या ट्रॉल्यांतून म्हाळुंग्याला आणि निघोज्याला जातात त्या परतताना रिकाम्या येतात. सीटची ट्रॉली घडी होत नाही, त्यामुळे रिकामी असली तरी गाडी भरते. मागच्या महिन्यात एक घडीचा नमुना बनवला, पण बिजागरी खड्ड्यांच्या रस्त्यावर दहा फेऱ्यांतच ढिली झाली. तात्या आता साठीला आलेत. त्यांनी ती ट्रॉली उलटी करून बघितली आणि म्हणाले, बिजागरी बाजूला नको, खाली घ्या, ओझं तिथं येत नाही. सोमवारी वेल्डरला बोलावलंय.